बाज्याचे दोन हात

म्हसावद,
२१ नोव्हेंबर १९६५

प्रिय दोधू,

तुझ्या पत्रातल्या एका ओळीमुळे मला हे पत्र लिहावं लागत आहे. तू लिहिलंस, "मावशी, त्या दिवशी भांडारात कापड चार बोटं कमी भरलं असताना तू पुन्हा मोजायला लावलंस आणि माझी लाज राखलीस. हे उपकार मी विसरणार नाही." दोन वर्षांत तुझं आलेलं हे पहिलं पत्र, आणि त्यातली हीच एक ओळ चूक. शाळेत असते तर लाल शाईने खोडून वही परत केली असती. तू आता एकोणतीस वर्षांचा आहेस आणि शहाद्याच्या सर्वांत मोठ्या कापडाच्या दुकानाचा व्यवस्थापक आहेस, म्हणून खोडण्याबरोबर कारणही देते. दुसरं एक कामही आहे. येत्या शनिवारी मी दुकान बंद करते आहे. डोंगरातल्या सत्तावीस घरांची चांदी माझ्या पेटीत आहे, आणि दुकान गेल्यावर ती कुठे राहणार हे ठरवायचं होतं. ते ठरलं. काय ठरलं ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस. लहानपणी गणितं अशीच करायचास, आधी उत्तर बघून.

तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे असं तुला वाटतं. तरी पहिल्यापासून लिहिते.

माझे सासरे नथ्थूशेठ म्हसावदला दुकान टाकून बसले तेव्हा तोरणमाळकडची माणसं बाजाराला यायची, पण कापड घेताना बिचकायची. आजूबाजूच्या दुकानांत कापड मोजायचे लोखंडी गज आखूड असायचे. एकाचा एका बोटाने, दुसऱ्याचा दोन बोटांनी. मामंजींचा गज पुरा होता, पण ते सिद्ध करणार कसं? एका बाजारात कोणीतरी गज हातात घेऊन नुसताच उलटासुलटा करून पाहत होतं. मामंजी वैतागून म्हणाले, "मन्हा गज खोटा वाटस तुले? मंग तुन्हा हातवर मोज. तुन्हा हात तुले काय फसवी!" रागात म्हटलेलं ते वाक्य दुकानाचा नियम होऊन बसलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि हात गिऱ्हाइकाचा. डोंगरातली माणसं भोळी असतात असं शहाद्याच्या कचेरीत समजतात. त्यांनी दुसऱ्याच बाजारापासून काय केलं, तर पाड्यातला सर्वांत लांब हाताचा माणूस कापड घ्यायला धाडायला सुरुवात केली. मामंजी ते ओळखून होते. हसायचे, आणि मोजून द्यायचे.

मी या घरात आले ती प्रकाशाहून, तापीकाठच्या केळी-कपाशीच्या घरातून. बडोद्याच्या कॉलेजातून बी. ए. होऊन, धुळ्याला मुलींच्या शाळेत दोन वर्षं शिकवून. हे सगळं मला फार मोठं वाटायचं. सेहेचाळीस साली तुझे काका चुनीलाल गेले आणि दुकान माझ्याकडे आलं, तेव्हा मी पहिलं काम केलं ते म्हणजे हाताचं माप बंद केलं. शिकलेल्या बाईच्या दुकानात असला अडाणीपणा चालायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. धुळ्याहून सरकारी छापाचा नवा गज आणला, भिंतीवर टांगला, कोणीही ताडून बघावा म्हणून सांगितलं. पुढचे तीन बाजार दुकानात डोंगरातलं एक माणूस चढलं नाही. भांडले नाहीत, दुसऱ्या दुकानातही गेले नाहीत. समोरच्या निंबाखाली बसून राहायचे, भाकरी खायचे आणि उन्हं कलली की घाटाची वाट धरायचे. तिसऱ्या बाजाराला एक ताडासारखा उंच माणूस ओट्याशी येऊन उभा राहिला. हाच बाज्या. मी तयारीत होते, गज काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो पाहिला, आपल्या हाताशी लावला, परत दिला आणि म्हणाला, "बाई, तुन्हा गज खरा शे. पन तो तुन्हा शे."

कॉलेजात चार वर्षं तर्कशास्त्र शिकले, दोधू, आणि या एका वाक्यावर गज परत भिंतीला टांगला.

हाताचं माप परत आलं, पण मीही हट्टी. ज्याचा त्याचा हात म्हणजे रोज नवा तंटा. मी सांगितलं की हात एकच चालेल, तुम्ही ठरवा कोणाचा. ते अर्थातच बाज्याला पुढे करणार हे मला ठाऊक होतं. त्यांना वाटलं बाई फसली. बाज्याचा हात आपण सागाच्या पट्टीवर घेतला. मी कोपर धरलं होतं, आणि बोटाच्या टोकाशी खाच पाडली ती तू. दहा वर्षांचा होतास, आमच्याच घरी वाढत होतास, जीभ बाहेर काढून खाच पाडत होतास. बाज्या म्हणाला, "जपीसन रे, बोटले नको लावू," आणि सगळा ओटा हसला. त्या पट्टीवर मी सोळा वर्षं कापड दिलं. प्रत्येक हातामागे थोडं जास्त जात होतं. ते जाऊ दिलं म्हणूनच बाकीचं टिकलं.

बाकीचं म्हणजे चांदी. दिवाळी झाली की डोंगरातली घरंच्या घरं कापूस वेचायला, गवत कापायला खाली गुजराथेत उतरतात. मागे कुडाचं घर, दाराला कडीसुद्धा नाही. म्हणून बायका आपली गळ्यातली हासळी, वाळे, साखळ्या आपल्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून जाता जाता दुकानात ठेवतात आणि होळीला अंगावर घालायला परत नेतात. गहाण नाही, भाडं नाही, चिठ्ठी नाही. प्रत्येक घराची गाठ वेगळी. कोणाची डावीकडून पीळ घातलेली, कोणाची दोन पदरांची, कोणाच्या गाठीत कोंबड्याचं पीस खोवलेलं. तुझे काका गेले तेव्हा पेटीत वीस गाठोडी होती आणि कोणती कोणाची हे त्यांच्याबरोबरच गेलं होतं. आमच्या एका नातलगाने सुचवलं की कागद नाही, साक्ष नाही, आटवून टाका. मी त्या माणसाला परत घराची पायरी चढू दिली नाही, पण आतून घाबरले होते. होळीच्या आधी वीस बायका आल्या. मी पेटी उघडी टाकून बाजूला बसले. प्रत्येकीने गाठी नुसत्या बोटाने चाचपल्या आणि एकच उचललं. एकही राहिलं नाही, एकही कमी पडलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे दुकान कापडाचं आहे हा माझा गैरसमज होता.

मग मीटर आला. वजनमापांचे निरीक्षक आले, पट्टी पाहून म्हणाले, बाई, हाताचं माप कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, हात कायद्याच्या आधीचा आहे. ते चांगले गृहस्थ होते, चहा घेऊन गेले, पण पट्टी बंद करायला सांगून गेले. ते बरोबरच होतं. मीही दुसऱ्याच दिवशी पोलादी मीटर आणला आणि कुतूहल म्हणून बाज्याची पट्टी त्याच्याशी लावली. दोनदा ठेवली. खाच बरोबर मीटरच्या टोकावर. मी चष्मा पुसून पुन्हा ठेवली. बाज्याचे दोन हात म्हणजे सरकारचा एक मीटर, केसाचा फरक नाही. पुढच्या बाजारी बाज्याला ओट्यावर उभं करून हे सगळ्यांना दाखवलं. बाज्याबरोबर डोंगरातून आलेल्या नवलसिंगने विचारलं, दिल्लीवाल्यांनी बाज्याला कधी पाहिला? बाज्या तर महिनाभर असा चालायचा की जणू मीटर त्याच्याकडूनच मागून नेला होता. सगळ्या जिल्ह्यात नव्या मापावरून कटकटी चालल्या होत्या, आणि आपल्या दुकानात मीटर एका बाजारात रुळला. याचा मला अभिमान आहे. तो मी आजवर कोणाला बोलून दाखवला नाही.

त्रेसष्टात तुमचं एकभाव वस्त्रभांडार शहाद्याला आलं. सुरतेच्या मालकांनी गिरणीतून गठ्ठेच्या गठ्ठे उचलायचे आणि नवापूर, नंदुरबार, तळोदा, शहादा अशा चार ठिकाणी एकदम मांडायचे. आम्ही ज्या भावात माल आणतो त्याच्याहून खाली तुमचा विकण्याचा भाव. वर बाजाराच्या दिवशी म्हसावदच्या चौकात फुकट मोटार उभी. आणि तू येऊन मला सांगितलंस की तुला तिथे व्यवस्थापकाची जागा मिळाली आहे, आणि "मावशी, आपल्यासारख्या दुकानांचे दिवस संपले." मी काय बोलले ते तुझ्या लक्षात आहे आणि माझ्याही. त्या दुकानाच्या पायरीला पाय लावणार नाही असं म्हटलं. मापात चुकलास तर या उंबऱ्यावर येऊ नकोस असंही म्हटलं. पहिलं मी मोडलं. दुसऱ्याबद्दल पुढे लिहिते.

दिवस संपले हे तू बरोबर सांगितलंस. पण संपले म्हणजे काय झालं हे तुला भांडारातून दिसत नाही, म्हणून एकाच माणसाचं लिहिते. वाहरू रंगारी. लुगड्याचे लाल काठ रंगवणारा, ज्याच्या हाताला सणासुदीलाही मूळ रंग दिसायचा नाही. डोंगरातली प्रत्येक नवरी त्याच्या काठात उभी राहिली. तुमचं छापील लुगडं आलं आणि वर्षभरात त्याची भट्टी थंड झाली. तो आता तुमच्याच भांडाराच्या गोदामात गठ्ठे उचलतो. परवा भेटला. मी विचारलं, कसं चाललंय? हात पुढे करून म्हणाला, "दखा बाई, आते हात गोरा व्हयना." हसत होता. मला हसता आलं नाही. तुझा यात दोष आहे असं मी म्हणत नाही. स्वस्त लुगडं मिळालं म्हणून डोंगरातल्या रूपलीबाईच्या दोन्ही मुली यंदा नव्या कपड्यात होत्या, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन्ही खरं आहे. मला फक्त एवढंच वाटतं, की स्वस्ताईचा भाव कोणीतरी देतंच, आणि तो दुकानाच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

आता त्या दिवसाबद्दल. दिवाळीच्या आधी म्हसावदच्या बाजारात बोलवा उठली की भांडारात कापड स्वस्त आहे कारण तिथला मीटर आखूड आहे. उठवली आम्हीच, म्हणजे व्यापाऱ्यांनी. माझ्या शेजारची रंजनाबाई बांगडीवाली त्यात पुढे होती, आणि मी ती ऐकून गप्प बसले. कारण मलाही ती खरी असावीशी वाटत होती. ही कबुली तुला द्यायला हवी. मग एका बाजाराला नवलसिंग, रूपलीबाई आणि पंधरावीस माणसं ओट्यावर येऊन बसली. बाज्या मध्ये. त्याचे केस आता पांढरे झालेत. नवलसिंग म्हणाला, "बाई, चाल आम्हनासंगे. बाज्याना हात लावूत त्या कापडले. तू सांगशी ते आम्ही मानसूत." तिथेच रंजनाबाई मला बाजूला घेऊन कुजबुजली की चार बोटांचा तर प्रश्न आहे, तुझ्या एका शब्दाने सगळा बाजार वाचतो. ते खरं होतं. मी कमी म्हटलं तर माझं दुकान राहतं, तिचं राहतं, कदाचित वाहरूची भट्टीही परत पेटते. पुरं म्हटलं तर सगळं संपतं. मी पट्टी पदराखाली घेतली आणि निघाले. तुमच्याच फुकटच्या मोटारीतून, मागे रंजनाबाईही चढली. बाज्याला पुढे चालकाशेजारी बसवलं. माप होतं ना आमचं.

तू दारात होतास. आम्हाला पाहून तुझा चेहरा उतरला ते मी पाहिलं. नवलसिंगने फेट्याचं लाल कापड सहा मीटर फाडून घेतलं आणि बाज्याने ते काचेच्या फळीवर पसरून मोजायला घेतलं. सगळं भांडार थांबलं होतं. एक, दोन, तीन म्हणत सगळी माणसं मोठ्याने मोजत होती. बारावा हात पडला आणि कापड त्याच्या बोटांच्या अलीकडेच संपलं. चार बोटं कमी. मागून रंजनाबाईचा आवाज आला, "मी काय सांगे!" तुझ्या दुकानातल्या पोरांपैकी एकाच्या हातातली कात्री खाली पडली. आणि तू मान खाली घातलीस. दोधू, ते मला अजिबात आवडलं नाही. स्वतःच्या मापावर ज्याचा विश्वास आहे त्याने मान खाली घालायची नसते, आणि ज्याचा नाही त्याने दुकानात उभं राहायचं नसतं. पत्रात तू लिहितोस की मालकांच्या माणसाने कापड ताणून मोजायला सांगितलं होतं, तू नाही म्हणालास, पण पोरांनी तुझं ऐकलं की त्याचं याची तुला खात्री नव्हती. म्हणजे तू दोन वर्षं खात्रीशिवाय झोपलास. यापुढे तसं करू नकोस.

मी पुन्हा मोजायला लावलं ते तुझ्याकडे पाहून नाही, बाज्याच्या हाताकडे पाहून. तो हात मी एकोणीस वर्षं पाहते आहे. आपल्याकडे तो पट्टीचं माप सतरंजीवर हाताने ताडून बघतो. हात ठेवला की तिथेच राहतो. तुमची फळी काचेची. बाज्याने आयुष्यात काचेवर कधी हात ठेवलेला नाही. दर वेळी हात उचलून ठेवताना तो पुढे घसरत होता, एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढा. बारा वेळा मिळून चार बोटं. हे तिथे दुसऱ्या कोणाला दिसणं शक्य नव्हतं, कारण दुसऱ्या कोणी इतकी वर्षं जमिनीवर बसून ते माप घेतलेलं नव्हतं. तुला दिसायला हवं होतं. तू घेतलं होतंस. म्हणून मी म्हटलं, खाली बसा, गोणपाट आणा. गोणपाटावर कापड सैल टाकलं, न ओढता. बाज्याने मोजलं. बरोबर बारा. मग मी पदराखालची पट्टी काढली आणि स्वतः मोजलं. बारा. एवढ्यावर थांबले असते तर लोक म्हणाले असते की बाईने भाच्यासाठी जुळवून आणलं. म्हणून ज्याची कात्री पडली होती त्याच पोराला, तू जवळ नसताना, दुसऱ्या ठाणातून कापड फाडायला लावलं. तेही बारा. तेव्हा मी उठून म्हटलं, "माप पुरं शे. खुशाल ल्या." एक बोट जरी कमी भरलं असतं तर तितक्याच मोठ्याने, तुझं नाव घेऊन, कमी आहे म्हटलं असतं. हे तू मनात पक्कं कर.

परत येताना मोटारीत रूपलीबाई म्हणाली, "माप खरं शे तं शे. पन बठाले जागा नई त्या दुकानमां, पानी नई. चांदी कोठे ठेवतीन, आमना डोकावर?" मी त्या वेळी हसण्यावारी नेलं. घरी येऊन विचार केला तेव्हा ध्यानात आलं की संबंध दिवसात खरा प्रश्न तिनेच विचारला होता.

त्यानंतर डोंगरातलं एकही माणूस माझ्याकडे कापड घ्यायला आलेलं नाही. बसायला मात्र सगळे येतात. आधी ओट्यावर गाठोडी टाकतात, माठातलं पाणी पितात, कोणाच्या घरी काय झालं ते एकमेकांना सांगतात, वर घाटात कोणाला काय निरोप द्यायचा ते मला सांगून ठेवतात, आणि मग उठून तुमच्या मोटारीत बसतात. भांडारातून घेतलेलं कापड परत येताना मला दाखवायलाही आणतात! पोत चांगला आहे की नाही ते मी बघून सांगते. रंजनाबाई माझ्याशी बोलत नाही. ओट्यासमोरून जाताना दुसऱ्याला सांगते, मला ऐकू जाईल अशा बेताने, "भाचासाठे बाईनी आख्खा बजार ईकी टाका." मी तिला दोष देत नाही. तिच्या बांगड्या फुटतात, तिचा राग फुटत नाही. पण जे मी विकलं नाही ते विकलं असं कोणी म्हणावं हे मला सहन होत नाही. बाहेर रंजनाबाई आणि पत्रात तू, दोघं एकच म्हणता. फक्त ती शिवी म्हणून म्हणते आणि तू उपकार म्हणून. दोघांनाही माझं उत्तर तेच आहे. लाज राखायला ती आधी जावी लागते. तुझी गेली नव्हती. तुझं माप पुरं होतं.

आता काम. गेल्या बाजारी, माणसं खाली गुजराथेत उतरायच्या आधी, मी सत्तावीस घरांना ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं की दुकान बंद होतंय, मी साठीला आले, चांदीचं तुम्ही ठरवा. मला वाटलं होतं ते आपापली गाठोडी उचलून नेतील. ते बराच वेळ आपल्या भाषेत बोलत बसले. मला त्यातलं थोडं कळतं. तुझं नाव दोनतीनदा आलं. शेवटी नवलसिंग म्हणाला, "ज्यानं माप पुरं उनं, त्याकडे ठेव." मी म्हटलं, तो परक्या मालकाचा नोकर आहे. तर तो म्हणाला, "तो नोकर त्यास्ना व्हई. खाच त्यानीच पाडेल शे." तुझ्या खाचेची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. त्यांच्या लक्षात होती. सतरा घरं हो म्हणाली. नऊ घरांनी नको म्हटलं, आणि त्यांचंही काही चूक नाही. बाज्याला विचारलं तर तो म्हणाला, "मन्हं ऱ्हाऊ दे बाई. दुकान बंद व्हयनं, तू बंद व्हयनी का?"

तुला विचारत नाही, सांगते आहे. चांदी भांडाराच्या तिजोरीत ठेवायची नाही. भांडार आज आहे, उद्या मालकांना परवडलं नाही तर नसेल. ती तुझ्या घरात, तुझ्या नावावर राहील. गाठ सोडायची नाही, विचारायची नाही, वर नाव लिहायचं नाही. होळीच्या आधी पेटी उघडून बाजूला बसायचं. बदली आली तर आधी चांदी परत, मग बदली. भांडाराच्या दारात एक लांब बाकडं आणि एक माठ ठेव. मालकांनी विचारलं तर सांग की माप घ्यायला लागतं. आणि काचेच्या फळीवर एक सतरंजी घाल. म्हातारी माणसं यायची आहेत.

मापात चुकलास तर उंबऱ्यावर येऊ नकोस, असं मी म्हटलं होतं. तू चुकला नाहीस. तरी आला नाहीस, आणि मीही निरोप धाडला नाही. तू माझ्याच घरात वाढलास हे यावरून कळतं. आता एक गोष्ट लिहिते जी मी त्या दिवशी कोणाला कळू दिली नाही. गोणपाटावर बाज्या दुसऱ्यांदा मोजत होता तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की बारा भरले की माझं दुकान गेलं. मामंजींचं, तुझ्या काकांचं, माझं. आणि नवव्या हातापासून मी श्वास रोखून धरला होता. दुकान वाचावं म्हणून नव्हे. बारा भरावेत म्हणून. बाराव्या हाताला बाज्याचं बोट कापडाच्या काठावर टेकलं, आणि एवढ्या माणसांत मला तिथल्या तिथे बसावंसं वाटलं, इतकं बरं वाटलं. दुकान राखणारी मी बाई, आणि मला त्या वेळी दुकान आठवलंच नाही. हे तुला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. बाकीचं सगळं मी पोस्टकार्डावर लिहिलं असतं.

शनिवारी ये. उंबरा तोच आहे. जेवायला थांब.

तुझीच, दुकान मोडलं तरी मोडीत न निघालेली,
सरलामावशी

गाडीवान धनसिंगच्या बैलगाडीतून, नवलसिंगच्या साक्षीने, आज शनिवारी दोधूकडे सुपूर्द केलं ते असं:

सागाची पट्टी, एक. खाच शाबूत.

चांदीची गाठोडी, सतरा. गाठी जशाच्या तशा. त्यांतल्या एकीत कोंबड्याचं पीस आहे, ते काढू नये.

ज्यांची त्यांनी परत नेलेली, नऊ. त्यांपैकी रूपलीबाई म्हणाली आहे की पुढच्या दिवाळीला भांडाराच्या दारात बाकडं दिसलं तर आणून देईन.

माझ्याकडे राहिलेलं, एक. बाज्याचं.